उतरती हलगी

मिरजेच्या दस्तगीरचाचांनी काउंटरवर तीन पेट्या मांडल्या आणि स्वतः चहा प्यायला बाजूला झाले. गिऱ्हाइकाला यंत्रासोबत एकटं सोडावं, असा त्यांचा नियम होता. संदेश आवळेनं बाह्या सरसावल्या. बावीस वर्षं तो बँजो पार्टीत पॅड वाजवत होता. रबराच्या आठ चौकोनांवर काठ्या मारून ढोल, ताशा, हलगी, बंदुकीचा बार, म्हणाल ते काढणारा माणूस. सॅम्पलर कसा निवडावा हे त्याला शिकवील असं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. निदान त्याचं स्वतःचं तरी तसं मत होतं.

सॅम्पलर म्हणजे आवाज धरून ठेवणारी पेटी. माइकसमोर काही वाजवा, पेटी ते धरते. मग पॅडवर काठी मारली की तोच आवाज परत देते. कॉम्प्युटर लागत नाही, नेट लागत नाही. एके काळी अशा पेट्या गावोगाव होत्या. मग फोननं आणि कॉम्प्युटरनं सगळंच गिळलं आणि पेट्या माळ्यावर गेल्या. आता माणसं त्या शोधत पुन्हा मिरजेला येऊ लागली होती, आणि त्याला कारण होती शहाणी चिप.

चिपचं खरं नाव लांबलचक होतं. ‘शहाणी’ हे लोकांनी ठेवलेलं. पूर्वी आवाज रेकॉर्ड करायचा म्हणजे हवेतली थरथर सेकंदाला चव्वेचाळीस हजार वेळा मोजायची आणि ते आकडे जसेच्या तसे लिहून ठेवायचे. त्याला जागा लागायची, वीज लागायची. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की आकडे साठवायचेच कशाला? चिपला जगातले कोट्यवधी आवाज आधीच ऐकवून ठेवायचे. नंतर नवा आवाज कानावर आला की तिनं फक्त टिपण करायचं: चामड्याचं वाद्य आहे, काठी बारीक आहे, फटका जोराचा आहे, जागा उघडी आहे. ऐकवायच्या वेळी त्या टिपणावरून आवाज नव्यानं घडवायचा. जेवण झाकून ठेवण्याऐवजी कृती लिहून ठेवायची आणि भूक लागली की पुन्हा रांधायचं, त्यातला हा प्रकार. जागा हजारपट कमी लागली. वारा, खोकला, घरघर आपोआप गेली. पाच-सहा वर्षांत जगातल्या प्रत्येक फोनमध्ये आणि कॉम्प्युटरमध्ये ती जाऊन बसली. सुरुवातीला कुणाची तक्रार नव्हती, कारण आवाज आधीपेक्षा छानच यायचा.

पंचक्रोशीत पहिली तक्रार केली ती वैजूनं. वैजयंता म्हणजे संदेशची बायको आणि त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. दोन वर्षांपूर्वी एका कुस्तीच्या मैदानात मामा हलगी वाजवत असताना संदेशनं ते फोनवर धरलं आणि घरी येऊन मोठ्या कौतुकानं तिला ऐकवलं. ती भाकरी थापत होती. चार फटके ऐकून तिनं मान वर केली आणि म्हणाली, “ही आबांची हलगी न्हाई.” संदेशनं चौकशी केली, तर तिचंच खरं निघालं. फोननं मामांची हलगी टाकून दिली होती आणि जगातल्या सगळ्या हलग्यांची मिळून एक सरासरी हलगी वाजवली होती.

मामा म्हणजे दौलत वायदंडे. सांगलीपासून कोल्हापूरपर्यंतच्या मैदानांत त्यांना दौलूमामा म्हणत. हलगी ही कड्यावर ताणलेल्या कातड्याची. वाजवण्याआधी ती जाळावर शेकतात. कातडं आवळतं आणि आवाज चढून कडाडतो. पण मैदानात वारा असतो. दहा-पंधरा मिनिटांत कातडं निवतं, सैल पडतं, आवाज उतरतो. मग बाकीचे हलगीवाले ती खाली ठेवतात आणि दुसरी तापलेली उचलतात. दौलूमामा उचलत नसत. कुस्ती लांबली, पैलवान एकमेकांत अडकून पडले, की ते उतरत्या हलगीवरच वाजवत राहायचे. कातडं सैल पडेल तशी काठी मधून कडेकडे सरकवायचे, फटके विरळ करायचे. आवाज खाली खाली जायचा, त्याच्यासोबत मैदानातला गोंगाटही बसत जायचा, आणि एका क्षणी हजारो माणसं श्वास धरून बसायची. मग अगदी कडेवर एक फटका. त्या फटक्यावर पैलवान डाव टाकायचे. मामा याला ‘उतरती’ म्हणत. ती दुसऱ्या कुणाला येत नव्हती, संदेशला तर नाहीच; उसळणाऱ्या रबराची सवय झालेला त्याचा हात सैल कातड्यावर लुळा पडायचा.

उतरती कळत होती ती वैजूला. लहानपणी मामांच्या अंगणातल्या सरावाला जाळ सांभाळायचं काम तिचं होतं. हलगी किती निवली हे ती पाठमोरी बसून आवाजावरून सांगायची. पण “पोरीच्या हातात हलगी देत न्हाई,” हा मामांचा हेका, आणि तो त्यांनी तीस वर्षं सोडला नाही. मग त्यांना कंपवात झाला. डॉक्टर म्हणाले, हात आता महिन्या-महिन्यानं जात राहणार. त्यानंतर एके दिवशी वैजू बापासमोर जाऊन बसली आणि म्हणाली, “आबा, मला शिकायचंय.” मामांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, “शिकवायला आता हात ऱ्हायला न्हाई. एकदा वाजवीन, पयल्यापास्नं शेवटापतुर. संद्याला म्हणावं, पेटीत धर. त्यावरनं शीक.”

म्हणून या तीन पेट्या.

मधली पेटी देखणी होती, पण तिच्यात आवाज भरायला कॉम्प्युटर जोडावा लागे. ती संदेशनं लगेच बाजूला सारली. पहिली राखाडी, तीस वर्षांची, अर्धा पडदा मेलेला. तिसरी काळी, चकचकीत. संदेशनं पॅडवाल्यांची नेहमीची कसोटी लावली. काउंटरवर बोटानं टिचकी मारायची, ती पेटीत धरायची आणि पॅडवर सलग चाळीस वेळा वाजवायची. राखाडी पेटीतून ‘थप्’ असा मुका आवाज आला आणि त्याच्यामागे घरघर. चाळीस फटक्यांत घरघर साचून पिठाची गिरणी चालू झाली. काळ्या पेटीतून तीच टिचकी भरदार, सागवानी आवाजात परत आली. दोन फटक्यांच्या मध्ये निखळ शांतता. संदेशच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

काउंटर प्लायचा होता. वर सनमायका, तोही एका कोपऱ्याला फुगलेला. तो सागवानासारखा कसा काय वाजला, हा प्रश्न संदेशच्या मनाला शिवला नाही. पॅडवाल्याला तो पडत नसतो. साध्या फटक्यातून भारी आवाज काढणं हाच त्याचा धंदा.

“चाचा, ही राखाडी लय घरघरती.”

“घरघरणारच. म्हातारी हाय,” दस्तगीरचाचा कप विसळत म्हणाले. “पर द्याल ते ठेवती.”

“आन् काळी?”

“तिचं आतलं कार्ड गेलं हुतं. जुनं आता मिळत न्हाई कुठंच. नवं घातलंय. आवाज एकदम क्लीन.”

“हीच द्या मग.”

चाचांनी त्याच्याकडे जरा पाहिलं. “मी तुझ्या जागी असतो तर राखाडी नेली असती.”

“का?”

“का म्हणजे, जुनी हाय म्हणून.”

म्हाताऱ्यांना जुन्याचं कौतुक असायचंच, असं मनाशी म्हणून संदेश हसला. त्याचा हिशेब सरळ होता आणि त्या वेळी सगळ्यांचाच तोच असे: शहाणपणा करते ती नेटला जोडलेली वस्तू. जिला नेट नाही, कॉम्प्युटर नाही, ती पेटी शहाणपणा कुठून करणार? नव्या कार्डावर कोणती चिप आहे, हे त्यानं विचारलं नाही. काळी पेटी पिशवीत घालून तो निघाला.

मामांचं घर तासगावच्या अलीकडे, द्राक्षबागांना लागून. सकाळी वैजूनं छाटलेल्या काड्यांचा जाळ केला. हलगी शेकताना तिनं ती तीनदा उलटीपालटी केली, बोटानं टिचकी मारून ऐकली आणि बापाच्या हातात दिली. मामांचा हात मांडीवर थरथरत होता. काठी हातात आली आणि थरथर थांबली.

“मधी कुणी बोलायचं न्हाई,” मामा म्हणाले. “आन् परत मागायचं न्हाई.”

ते एकतीस मिनिटं वाजवत होते. वैजू जाळाजवळ गुडघ्यांत तोंड घालून बसली होती आणि तिची पाठ हलत होती. संदेशचे डोळे पेटीच्या दिव्यांवर होते. हिरवे दिवे वर गेले की ठीक, तांबडा लागला की आवाज फाटणार. तो सगळा वेळ त्या दिव्यांना जपत होता. एकदाही तांबडा लागला नाही. शेवटचा कडेचा फटका पडला, मामांच्या हातातली काठी गळून पडली, आणि ती उचलायला ते वाकले नाहीत.

“झालं,” ते म्हणाले.

संदेशनं हेडफोन लावून सुरुवातीची दोन मिनिटं ऐकली. तापल्या हलगीचा कडकडाट स्वच्छ, दाणेदार आला होता. त्यानं हेडफोन वैजूच्या कानाला लावला. धुरानं आणि रडण्यानं लाल झालेल्या डोळ्यांनी तिनं मान हलवली. संदेशला बरं वाटलं. सासऱ्याचं ऋण फेडल्यासारखं वाटलं, खरं सांगायचं तर.

वैजू बेदाण्याच्या शेडवर निवडणीला जायची. दुपारी चारला सुटली की घरी येऊन हात धुवायची आणि परड्यात जाळ करून बसायची. पेटीतले दोन फटके ऐकायची, दोन वाजवायची. हात तिचा उपजतच होता. पंधरवड्यात तिनं पहिली दहा मिनिटं उचलली. मग एक दिवस तिनं संदेशला हाक मारली.

“हितं ऐका. बाराव्या मिनिटाला. हितनं पुढं आबा खाली जात्यात.”

“मग?”

“ही जात न्हाई. हलगी निवतच न्हाई हिच्यात.”

संदेशनं ऐकलं. बारावं मिनिट, विसावं, अठ्ठाविसावं. फटके विरळ होत होते, हलके होत होते, पण हलगी पहिल्या मिनिटाला होती तेवढीच चढी होती. त्याच्या कानाला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट, सूर धरून राहिला होता.

“त्या दिवशी जाळ मोठा हुता,” तो म्हणाला. “द्राक्षाच्या काड्या. हलगी लय तापली असंल.”

“जाळ मीच केला हुता. मला म्हाईत न्हाई व्हय?”

“वैजू, तू रडत हुतीस. गुडघ्यांत तोंड घालून. बाराव्या मिन्टाला काय वाजलं ते तुला तरी सांगता यील का?”

वैजूनं पेटी बंद केली.

“माणूस इसरतंय,” संदेश समजुतीच्या सुरात म्हणाला. “मशीन इसरत न्हाई. हिला नेट न्हाई, कॉम्प्युटर न्हाई. शहाणपणा करायला हिच्यात जागाच न्हाई. म्या बघून घेतलीया.”

फोनच्या वेळी त्यानं तिचं ऐकलं होतं, कारण फोन दुसऱ्याच कुणीतरी बनवला होता. ही पेटी त्यानं स्वतः निवडली होती. वैजूनं जाळात एक काडी टाकली आणि पेटी पुन्हा सुरू केली.

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. पण तिची स्वतःची हलगी निवल्याशिवाय कशी राहील? बारा मिनिटांनी ती उतरायची आणि पेटीशी जुळायची नाही. मग वैजूनं जाळाभोवती तीन हलग्या मांडल्या. एक निवायला लागली की ठेका न मोडता दुसरी उचलायची. दिवाळीपर्यंत तिला सगळी एकतीस मिनिटं येऊ लागली. हलगी कधी बदलली हे डोळे मिटून ऐकणाऱ्याला कळू नये, इतकी तिची सफाई. संदेश बँजो पार्टीतल्या मित्रांना घेऊन यायचा आणि बायकोची हलगी ऐकवायचा. मित्र तोंडात बोट घालायचे.

दिवाळी झाल्यावर काळ्या पेटीचा एक पॅड चिकटू लागला आणि संदेश ती घेऊन मिरजेला गेला. दस्तगीरचाचांनी स्क्रू काढले, झाकण उचललं. त्यांनी पॅड साफ केला, आणि संदेशनं सहज म्हणून आतल्या कार्डावरच्या काळ्या चौकोनाकडे बोट दाखवलं.

“ही कसली चिप?”

“शहाणी,” चाचा म्हणाले. “नव्या कार्डावर दुसरी येतीच कुठं आता?”

संदेश स्टुलावर बसला. “पर हिला नेट न्हाई.”

“नेट कशाला लागतंय? शिकूनच येती ती.” चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला. “काय भरलंस हिच्यात?”

संदेशनं सांगितलं. चाचा ऐकत राहिले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

“हिला जगभरचे ड्रम ऐकवल्यात,” ते सावकाश म्हणाले. “त्यातला एकबी वाजता वाजता सैल पडत न्हाई. पडला, तर तिच्या लेखी रेकॉर्डिंगमधली चूक. चूक दिसली की ती दुरुस्त करती. तुझ्या मामांची हलगी पयल्या मिन्टाला जशी तापली हुती, तशीच तिनं शेवटपतुर धरली असणार.”

“मूळचं आत कुठंतरी असंल की.”

“मूळचं आत गेलंच न्हाई, बाळा. गेलं ते तिचं टिपण.”

मग चाचा उठले आणि फडताळातून राखाडी पेटी काढून आणली. तिच्यावर धूळ होती. काउंटरवर बोट आपटून त्यांनी टिचकी भरली आणि पॅड दाबला. ‘थप्’ असा मुका आवाज, आणि त्याच्यामागे फुगलेल्या सनमायक्याची बारीक खरखर. या वेळी संदेशला ती ऐकू आली. तो काउंटरच होता, दुसरं काही नव्हतं.

“ने ही,” चाचा म्हणाले. “काय देऊ नकोस. म्या तवाच नीट सांगायला पायजे हुतं.”

तो पेटी घेऊन थेट मामांच्या गावी गेला. मामांचा हात अजून थोडा उरला असेल, निदान पाच मिनिटांचा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पोचला तेव्हा दुपार कलली होती आणि अंगणात जाळ पेटलेला होता. वैजू शेडवरून परस्पर आली होती. बापाला आज आपली हलगी ऐकवायची असं तिनं ठरवलं होतं. संदेशला ती सांगायला विसरली होती, किंवा सांगावंसं वाटलं नसेल. मामा बाजेवर भिंतीला टेकून बसले होते. त्यांचे दोन्ही हात उशीखाली दाबून ठेवले होते, कारण मोकळे सोडले की ते स्वतःच्याच तोंडावर आदळत. हल्ली चहा मामी बशीनं पाजायची.

संदेश दाराशीच थांबला. वैजू सुरू झाली होती.

ती सुरेख वाजवत होती. बाराव्या मिनिटाला तिनं पहिली हलगी खाली ठेवून दुसरी उचलली, बाविसाव्याला तिसरी. ठेका केसभरही हलला नाही. फटके विरळ होत गेले, सूर ताठ उभा राहिला, आणि शेवटचा फटका कडेवर पडला. मामांनी डोळे उघडले. ते प्रसन्न दिसत होते.

“चांगलं वाजवतीस,” ते म्हणाले. “सफाई हाय हातात. कुणाकडं शिकलीस?”

वैजूच्या हातातली काठी तशीच राहिली. “तुमच्याकडंच की, आबा. पेटीवरनं.”

“माझ्याकडनं?” मामा हसले. मुलगी मान देण्यासाठी असं म्हणते आहे, असं त्यांना वाटलं असावं. “न्हाई गं. तीन हलग्या तर समदेच वाजवत्यात. माझं असं नव्हतं.”

वैजूनं वळून संदेशकडे पाहिलं. त्याच्या काखेतली राखाडी पेटी तिला दिसली.

“काळीच्या आत शहाणी चिप हुती,” तो म्हणाला. “आज कळलं.”

तिनं हातातली काठी खाली ठेवली. मग तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, “मग खरं कसं हुतं? तुमी तर समोर हुता.”

संदेशनं आठवून पाहिलं. एकतीस मिनिटं तो मामांपासून चार हातांवर बसला होता. त्याला हिरवे दिवे आठवले. दुसरं काहीच आठवेना.

“तुला म्हाईत हुतं,” तो म्हणाला. “तू म्हणाली हुतीस, खाली जातंय म्हणून.”

“हुतं तवा. आता आठवाया गेलं की पेटीतलंच वाजतंय.” तिनं तिन्ही हलग्यांकडे पाहिलं. “रोज तेच ऐकलं की. सा म्हयने.”

बाजेवर मामा अस्वस्थ झाले होते. या दोघांचं काय चाललं आहे हे त्यांना कळलं नव्हतं, पण पोरीचा चेहरा दिसत होता. “अगं, त्यात काय एवढं? आन हिकडं. दावतो,” ते म्हणाले आणि त्यांनी उशीखालचे हात बाहेर काढले.

वैजूनं निवलेली हलगी त्यांच्या मांडीवर ठेवली. संदेश खाली बसला. त्यानं राखाडी पेटी सुरू केली, माइक पुढे धरला, आणि या वेळी दिव्यांकडे बघितलं नाही. वैजूनं काठी बापाच्या मुठीत दिली आणि वरून स्वतःची मूठ धरली. मग मामांनी मान हलवली, तशी तिनं ती सोडली.

काठी हातात आली की थरथर थांबायची, ती या वेळी थांबली नाही. काठीचं टोक सैल कातड्यावर थडथडत राहिलं, त्याला ना ठेका होता ना फटका. मामा दात आवळून काठी कडेकडे न्यायला बघत होते. दोन वेळा ती कड्यावर घसरली. मग मातीत पडली आणि नुसती बोटंच कातड्यावर वाजत राहिली.

“असं नव्हतं,” मामा म्हणाले. “हे न्हाई.”

पेटीनं ते सगळं धरलं: कातड्यावरची बोटं, जाळातल्या काड्यांचा तडतडाट, आत मामीनं ठेवलेलं भांडं, आणि मामांचं बोलणं. घरघरीसकट, जसंच्या तसं.

वैजूनं बापाचे हात धरून पुन्हा उशीखाली ठेवले आणि जाळावर पाणी ओतलं.